काचवाल्याने खाल्लेला इंच

मास्तरांनी हँगर भिंतीकडे फेकला होता, पण तो गेला खिडकीतून. लाकडी हँगर, तोही जाड खांद्यांचा, कोटांसाठी मुद्दाम बनवून घेतलेला. खिडकीची मोठी काच खळ्ळकन फुटली; अर्धी रस्त्यावर सांडली, अर्धी शिवणयंत्राच्या पायाशी. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो मेहुणा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, नवा कोट अंगात घालून आरशासमोर तसाच उभा राहिला. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या.

मास्तर म्हणजे शिंपी. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत अडतीस वर्षं त्यांचं यंत्र चाललं होतं. राग नाकाच्या शेंड्यावर, पण कापड बिघडवल्याचं एकही उदाहरण नाही, त्यामुळे लोक राग सोसून कपडे घेऊन जात. मेहुणा चार तासांच्या अंतरावर राहायचा. शनिवारी तो नोकरीतून निवृत्त होणार होता, कचेरीत सत्कार होता, आणि त्यासाठी त्याने दाजींकडूनच कोट शिवून घ्यायचं ठरवलं होतं. माप द्यायला यायला सवड नव्हती, म्हणून त्याच्या बायकोने तिच्या टेपेने माप घेतलं आणि त्याने ते फोनवर सांगितलं. आज मंगळवारी तो कोट न्यायला आला होता.

"दाजी, जरा ढगळ झालाय का हो?" त्याने आरशात बघत अगदी जपून विचारलं होतं.

"कोट ढगळ नाही. तुम्ही वाळलात."

"वजन दोन किलो वाढलंय माझं."

"मग तुमच्या बायकोला माप घेता येत नाही."

"तिला येतं हो. तुमची टेप तरी एकदा बघा."

हँगर सुटला तो याच वाक्यावर.

मेहुण्याने कोट काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि बहिणीच्या हातचा चहाही न घेता निघून गेला. मास्तरांच्या बायकोने काचा झाडून गोळा केल्या. ती ओरडली नाही, रडली नाही. सुपली भरून झाल्यावर तिने एवढंच सांगितलं, "शनिवारी मी माझ्या भावाच्या सत्काराला जाणार. तो जुना स्वेटर घालून हार घेईल आणि मी समोर बसून बघेन. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

"आधी त्याला म्हणावं माफी माग. मग मी कोटाला हात लावतो."

"आणि तुमचीच टेप चुकीची असली तर?"

"तर तुझ्या भावाच्या सत्कारात, सगळ्या लोकांसमोर मी माफी मागेन."

"बरं," बायको म्हणाली आणि आत गेली. तिचं ते "बरं" मास्तरांना रात्रीच्या जेवणापर्यंत टोचत राहिलं.

या टेपेबद्दल थोडं सांगायला हवं. ती कापडी टेप मास्तरांच्या गळ्यात दिवसभर असायची. दुकान बंद झालं की ते ती खिळ्याला टांगत, आणि तिला मुरड पडू नये म्हणून खालच्या टोकाला पितळी मुठीची जुनी, जड कात्री अडकवून ठेवत. ही शिस्त त्यांनी एक दिवस मोडली नव्हती. नवीन टेप घेणाऱ्या शिंप्यांना ते उनाड समजत.

बुधवारी सकाळी मास्तर गळ्यात टेप घालूनच कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे गेले. काचवाला शांत माणूस होता. दिवसभर काच हाताळणाऱ्याला शांत राहावंच लागतं.

"मी येऊन माप घेतो, मास्तर," तो म्हणाला.

"कशाला? अडतीस वर्षं मी काय करतोय? पंचवीस बाय साडेसदतीस. लिहा."

"तुम्हीच लिहा. सहीपण करा." काचवाल्याने चिठ्ठी पुढे सरकवली. "नंतर लोक भांडतात म्हणून मी गिऱ्हाइकाच्याच हातचं माप घेतो."

मास्तरांनी पेन कागदात रुतेल अशी सही ठोकली.

संध्याकाळी काचवाला काच घेऊन आला आणि त्याने ती चौकटीला लावली. काच चौकटीत टेकलीच नाही. ती सरळ पलीकडे रस्त्यावर जायला निघाली होती, काचवाल्याने चपळाईने धरली म्हणून वाचली. बाजूला एक बोट जाईल एवढी फट, वर त्याहून मोठी.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि काचेच्या रुंदीला लावली. चोवीस. पुन्हा लावली. चोवीस. तळपायाची आग मस्तकात गेली. रुंदीतच चोरी सापडल्यावर उंची मोजायचा धीर त्यांच्यात उरला नाही.

"इंच खाल्लात."

"काचेत खाण्यासारखं काय असतं, मास्तर?"

"ते तुम्हाला माहीत. चला तुमच्या दुकानात. तुमच्या पट्टीचा सोक्षमोक्ष लावू."

दुकानात काचवाल्याने काच टेबलावर आडवी केली आणि तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवली. पंचवीस. मास्तरांनी टेप ठेवली. चोवीस. फोटोला काच लावून घ्यायला आलेल्या एक बाई दोन्हीकडे बघत होत्या.

"तुमची पट्टी खोटी आहे," मास्तर म्हणाले.

"स्टील आहे हो. ते आटत नाही."

"मग माझी टेप आटली का?"

"नाही," काचवाला टेपेकडे बघत विचारात पडला. "आटलेली तर नाही वाटत."

"मास्तरांचं माप चुकायचं नाही बरं का," त्या बाई मध्येच म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या सगळ्या पँटी तेच शिवतात. पंधरा वर्षांत एकदासुद्धा उसवावी लागली नाही."

"ऐका," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. काचवाल्याने वाद वाढवला नाही. ती काच त्याने भिंतीशी लावून ठेवली आणि नवी चिठ्ठी पुढे केली.

आता मास्तरांनी डोकं चालवलं. हा माणूस एक इंच खातो हे सिद्धच झालं होतं. तेव्हा त्याला सरळ करायचं तर प्रत्येक मापात एक इंच वाढवून लिहायचा. खाऊ दे लेकाला, काच बरोबर येईल. त्यांनी लिहिलं, सव्वीस बाय साडेअडतीस. सही करताना त्यांना इतका आनंद झाला की चिठ्ठीचा कोपरा फाटला.

बुधवारची रात्र खिडकीला जुनी चादर बांधून काढली. गुरुवारी दिवसभर रस्त्यावरची धूळ आत येत होती, आणि मास्तर पांढऱ्या शर्टांवर फडकं टाकून खाकी पँटी शिवत बसले. मेहुण्याचा कोट टेबलावर तसाच होता. बायको त्या टेबलाजवळून जाताना कोटावरची धूळ झटकत होती आणि मास्तरांशी बोलत नव्हती.

संध्याकाळी दुसरी काच आली. रुंदीला चपखल बसली. मास्तरांनी मिशीवर हात फिरवला. मग काचवाला वर बोट दाखवून म्हणाला, "वरती अर्धा इंच कमी पडतेय."

खरंच पडत होती. वरच्या फटीतून वारा शिट्टी घालत होता. मास्तरांनी टेपेने काचेची उंची मोजली. लिहून दिलं होतं साडेअडतीस, टेपेवर भरले सदतीस.

"आता दीड?" मास्तर ओरडले. "काल एक खाल्लात, आज दीड खाल्लात? रुंदीत एक आणि उंचीत दीड? चोरीलाही काही ताळतंत्र असतं."

"मास्तर, मी काच चोरली असती तर ती माझ्याकडे शिल्लक राहिली असती. तुम्ही लिहिलं तेवढी मी कापली."

"कमी कापलीत."

"उद्या पट्टी घेऊन येतो," काचवाला म्हणाला आणि काच तेवढ्यापुरती तशीच चौकटीत ठेवून गेला.

त्या शिट्टीने मास्तरांना झोप लागली नाही. त्यांना राग काचवाल्याचा आला होता, वाऱ्याचा आला होता, मेहुण्याच्या वजनाचा आला होता. सगळ्यात जास्त राग आला होता तो बायकोच्या त्या "बरं"चा. आणि रागाखाली एक भीतीही होती, पण तिच्याकडे बघायची त्यांची तयारी नव्हती.

शुक्रवारी दुपारी काचवाला पट्टी घेऊन आला. त्याने चौकटीला पट्टी लावली.

"सव्वीस. आणि उंची एकोणचाळीस."

मास्तरांनी टेप लावली. "पंचवीस. आणि साडेसदतीस. डोळे फुटले का?"

"खिडकी तीच आहे ना?" काचवाल्याने विचारलं.

दोघं एकाच खिडकीसमोर आपापलं माप हातात घेऊन उभे राहिले. तेवढ्यात आतून मास्तरांची बायको आली. तिने मास्तरांच्या हातातून टेप काढून घेतली, टेबलावर सरळ पसरली आणि काचवाल्याला खूण केली. त्याने शेजारी पट्टी ठेवली. टेपेवरचे पंचवीस इंच पट्टीवर पुरे सव्वीस भरले.

"ताणलीय," काचवाला हळूच म्हणाला. "आटली नाही. ताणलीय."

मास्तरांनी खिळ्याकडे बघितलं. पितळी मुठीची कात्री तिथे लोंबत होती, इतकी वर्षं लोंबत होती. डोक्यात एकेक टाका उसवत गेला. आपण अंगाचं माप याच टेपेने घेतो आणि कापडही याच टेपेने कापतो. म्हणून कुणाचीच पँट कधी चुकली नाही. चुकली ती फक्त दुसऱ्या टेपेने घेतलेली मापं. काचवाल्याची काच. आणि मेहुण्याचा कोट.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आठ वर्षं झाली. या खिडकीला पडदे शिवले तेव्हा. माझ्या टेपेने मोजलं, तुमच्या टेपेने कापलं, आणि पडदे जमिनीवर लोळले. मी खालून दुमडून शिवले."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर काच फुटली असती."

काचवाला खिडकीबाहेर बघू लागला, जणू त्याला रस्त्यावर काही फार महत्त्वाचं दिसलं होतं.

"टेप फेकून द्या आता," तो शेवटी म्हणाला.

मास्तरांनी कपाटातून वही काढली. सहाशे माणसांची मापं. सगळी याच टेपेची. टेप फेकली तर सहाशे माणसांना पुन्हा उभं करून मोजावं लागणार, आणि कशासाठी ते सांगावं लागणार.

"राहू द्या," बायको म्हणाली. "माणसांना ही, काचेला ती."

तिसरी काच त्याच संध्याकाळी आली आणि एका दमात बसली. मास्तर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते बायकोची टेप गळ्यात घालून कोट उसवत बसले होते. उसवताना प्रत्येक टाक्याला काहीतरी पुटपुटत होते, आणि बायकोने ते ऐकून घेतलं, कारण शिव्या स्वतःलाच चालल्या होत्या.

शनिवारी गाडीत चार तास मास्तर ताठ बसून होते. एका हातात हँगरवर टांगलेला कोट, कुणाचा धक्का लागू नये म्हणून छातीशी धरलेला. मनात वाक्य घोळवत होते. मेहुण्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात, सभ्यपणे म्हणायचं होतं, "माझं चुकलं." दोनच शब्द. पण अडतीस वर्षांत ते त्यांनी एकदाही वापरले नव्हते, त्यामुळे सराव हवा होता.

कचेरीच्या दालनात चाळीसएक माणसं खुर्च्यांवर बसली होती. मेहुणा जुना स्वेटर घालून दाराशी उभा होता. बहिणीला बघून हसला, दाजींना बघून हसू आवरलं. मास्तरांनी हँगरवरून कोट काढून पुढे धरला. मेहुण्याने स्वेटर काढला, कोट चढवला, बटणं लावली. बाह्या मनगटावर थांबल्या. खांदे खांद्यावर बसले.

मेहुण्याने दोन्ही हात वर करून बघितले. चेहरा उजळला. मग दाजींचा उतरलेला चेहरा त्याला दिसला, आणि तो माणूस मनाने खरंच चांगला होता.

"बघा, काय बसलाय," तो म्हणाला. "त्या दिवशी मीच उगीच बोललो. आमच्याकडेच माप घ्यायला चुकलं असणार."

मास्तरांचे कान लाल झाले. चार तास घोळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"कोण म्हणतं चुकलं?" ते गरजले. "तुमच्या बायकोने माप बरोबर घेतलं होतं! पावणेदोन इंच छातीला जास्त, एक इंच बाहीला जास्त, सगळं माझ्या टेपेमुळे! माझी टेप ताणलेली आहे! माझं चुकलं, तुमचं नाही! आणि परत माझी चूक अंगावर घेतलीत तर बघा!"

हार घेऊन उभे असलेले साहेब जागच्या जागी थांबले. चाळीस माणसं वळून बघत होती. मेहुण्याला हसावं की घाबरावं ते समजेना, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांचा उजवा हात अजून वर होता. त्या हातात रिकामा हँगर होता, आणि मेहुण्याच्या पाठीमागे चार मोठ्या खिडक्यांची रांग होती.

मास्तरांच्या बायकोने तो हँगर त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन तो मांडीवर ठेवून बसली.