हुमैदकाकांचे ब्रेक

ब्रेकचं पेडल दाबायचं तेवढं राहिलं होतं, आणि शेजारचा मुसल्लम दारात उभा राहिला.

खलफानची अख्खी सकाळ हुमैदकाकांच्या जीपखाली गेली होती. जीप खलफानपेक्षा वयाने मोठी. तिचे पुढचे ब्रेक एके काळी असे किंचाळायचे की त्या आवाजाने शेळ्यांचं दूध आटलं, असं वाळवंटाकाठच्या बिदिया गावातले शेळीवाले शपथेवर सांगत. काकांना मूलबाळ नव्हतं, जीप होती. डोळे थकले म्हणून ते ती विकायला निघाले होते आणि मस्कतचा एक हौशी गृहस्थ शुक्रवारी बघायला येणार होता. खलफानचा पडलेला चेहरा पाहून काका म्हणाले होते, "तू हिचे ब्रेक नीट करून दाखव. मस्कतवाल्याला मी खजूर खायला घालून परत पाठवतो. जीप तुझी."

मग काय! चाकं उतरली, कॅलिपर सुटले, हब बाहेर आले. जुन्या डिस्कचे बोल्ट पान्याला लांब पाइप लावून, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघाले. बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना बरंचसं खलफानच्या दाढीत भरलं गेलं. नव्या डिस्क बसल्या, चाकं चढली. फक्त नव्या पॅडना जागा करायला कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकलले होते. ते पुढे यावेत म्हणून पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं बाकी होतं. तोवर त्या पेडलवर पाय ठेवणं म्हणजे लोण्यात पाय ठेवणं.

पण पाहुणा आला. पाहुण्याला उभं ठेवून पेडल दाबत बसणाऱ्याला बिदियात मुलगी मिळत नाही. खलफानने हात धुतले, खजूर मांडले आणि कहवा ओतायला घेतला. पाहुणा कप हलवून 'पुरे' म्हणेपर्यंत ओतत राहायचं. मुसल्लमने नुकतीच नवी गाडी घेतली होती. तो तिच्याबद्दल बोलत होता आणि कप हलवायचं त्याच्या ध्यानातच येत नव्हतं.

"ब्रेक म्हणजे काय ब्रेक आहेत, राव! मुंगी आडवी आली तरी जागच्या जागी थांबते."

"मुंगीने आभार मानले का?" खलफानने ओतत विचारलं.

एवढ्यात हुमैदकाका धापा टाकत आत आले, उशीवर टेकले आणि उभ्या जन्माच्या सवयीने म्हणाले, "काय खबर?"

या प्रश्नाला वडीलधाऱ्यांपुढे एकच उत्तर असतं. घराला आग लागलेली असली तरी आधी तेच द्यायचं. आगीचं कहवा झाल्यावर काढायचं.

"काही खबर नाही काका. सगळं क्षेम."

"नवीन काही?"

"काही नाही. तुमच्याकडे?"

"क्षेम, क्षेम. माझी सांडणी तिकडे टेकड्यांमागे विते आहे," म्हणत काका उठले आणि कहव्याला हात न लावता बाहेर पडले.

खलफान एका हातात सुरई घेऊन दुसऱ्या हातातला कप त्यांच्यासाठी भरत होता. असं आजवर झालं नव्हतं. माणूस कहवा न घेता गेला, तर खरी बातमी सांगायची कधी, याची तरतूद पूर्वजांनी केलेली नव्हती. कप भरला तेव्हा बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

खलफानने काकांना फोन लावला. तो काका टेकले होते त्या उशीखाली वाजला.

"मुसल्लम, गाडी काढ! काकांना ब्रेक नाहीत!"

"आता कळलं तुला?" मुसल्लम म्हणाला. "आमच्या लहानपणापासून नाहीत." पण खलफानचा चेहरा पाहून त्याने कप हलवला आणि किल्ली फेकली.

वाळूत शिरताच पुढे जीप दिसली. खलफानने हॉर्न वाजवला, दिवे मारले. काकांनी आरशात पाहिलं. या टेकड्यांत आजवर त्यांच्यापुढे कोणी गेलं नव्हतं, आणि आज कोणी पोरगं दिवे मारून वाट मागत होतं! त्यांनी जीप अशी पिटाळली की धुळीशिवाय काही दिसेना.

"माझ्यामुळे मेला म्हातारा," खलफान पुटपुटला. "सांगायला हवं होतं. रीत गेली खड्ड्यात."

"रीत राहू दे, आपणच जाऊ खड्ड्यात. समोर बघ!"

गाडी टेकडीच्या माथ्यावर आली आणि पलीकडे पायथ्याशी जीप दिसली. शांत, उभी. खलफानने जीव खाऊन ब्रेक दाबला. ब्रेक मुसल्लम म्हणाला होता तसेच निघाले. चारही चाकं जागच्या जागी थांबली. पण चाकांखालची वाळू थांबली नाही. अख्खा उतार गाडीला पाटावर बसवल्यासारखा घेऊन निघाला, इतका सावकाश की मुसल्लमची प्रार्थना पूर्ण झाली आणि खलफानची काकांकडे मागायची माफी अर्धी पुटपुटून झाली. मग जीपची मागची बाजू चेपल्याचा आवाज आला.

काका पलीकडे नुकत्याच जन्मलेल्या पिलाला पुसत होते. त्यांनी शांतपणे मान वळवली.

"काका, तुमच्या ब्रेकमध्ये दाब नव्हता," खलफान रडवेला होऊन म्हणाला. "मी सांगितलं नाही."

"असं?" काका म्हणाले. "मला नाही कळलं. वाळूत ब्रेक कोण दाबतं, पोरा? चढाला लावली की आपोआप मंदावते. मी शेवटचा ब्रेक दाबला तेव्हा तुझी काकू जिवंत होती."

खलफानला जुन्या डिस्क आठवल्या. झिजलेल्या नव्हत्याच, नुसत्या गंजल्या होत्या.

काका जीपच्या मागे आले आणि चेपलेल्या पत्र्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिले. खलफानला त्या हाताकडे बघवेना.

"मस्कतवाला आता घेईल हिला?"

"नाही काका."

"दुसरा कोणी?"

काकांनी किल्ली खलफानच्या तळव्यावर ठेवली. त्याला हवी होती ती जीप अशा रीतीने त्याची झाली, आणि ती किल्ली परत कशी द्यावी याचाच तो विचार करत राहिला.

मुसल्लम आपल्या गाडीचा पुढचा भाग कुरवाळत तिथेच बसला. खलफानने पेडल पुन्हा पुन्हा दाबून कडक केलं. काकांनी पिलाला मांडीवर घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या जीपच्या दुसऱ्या बाजूला बसले. आतून दार कसं लावायचं ते त्यांना विचारावं लागलं. पिलाची आई, सांडणी, मागून हंबरत येत होती म्हणून खलफान पायी चालणाऱ्याच्या वेगाने गाडी हाकत होता.

तरीही काका घर येईपर्यंत दोन्ही पायांनी समोरचा रिकामा पत्रा, तिथे ब्रेक असल्यासारखा, दाबत होते.