मोहामॅनचं खरंखुरं उड्डाण

कमरेला दोर घट्ट बांधून झाला, तेव्हा डोमाला आठवलं की आपल्याला साध्या शिडीवरही गरगरतं. पण आता माघार कुठली घेता? नागभीडजवळच्या त्या गावात वर्षभर एकच विषय चालू होता, ‘मोहामॅन’चा दुसरा भाग. मोहफुलं चघळली की अंगात बळ येणारा हा वीर गावातल्याच प्रणितने मोबाइलवर चित्रित करून मागच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, पडद्यावर दाखवला होता. लोकांनी डोक्यावर घेतला. खटकलं ते एवढंच, की उडायच्या प्रसंगात मोहामॅन, म्हणजे आपला डोमा, भाताच्या तणसीच्या ढिगावरून थेट चिखलात बसला होता.

त्यावरून शाळेत पोरं त्याच्या खुशबूला चिडवत. तिनेही ठणकावून सांगितलं, या खेपेला माझा बाप खरंच उडणार. आता बोला! पोरीचा शब्द खाली पडू देणारा बाप कसला?

प्रणितने चिंचेच्या फांदीला कप्पी लावली. पण डोमाचं पोट असं भारदस्त, की गडीमाणसांनी ओढूनही त्याची टाच हलेना. मग रामाजीचे बैल आणून दोराला जुंपले. जोडी शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळणारी. पण हळूहळू चालवतो, अशी हमी रामाजीने दिली. हमी खोटी नव्हती. फक्त बघायला अख्खा गाव लोटेल, हे त्याने धरलं नव्हतं.

डोमाचे पाय जमिनीवरून सुटले आणि गावाने शिट्ट्या मारल्या, आरोळ्या ठोकल्या. बैलांना वाटलं, पट सुटला. ते असे उधळले की शेतांचे धुरे ओलांडून दिसेनासे झाले. डोमा सर्रकन वर गेला, त्याने फांदीला मिठी मारली, दोर तटकन तुटला. “माय वो, मेलो ना बाप्पा,” ही त्याची हाक शिवारभर गेली. शिडी आणून, समजूत घालून त्याला उतरवावं लागलं.

यंदाच्या मंडईत पडद्यावर तो प्रसंग आला आणि लोक येडे झाले. परत लावा, परत लावा, एकच गिल्ला. डोमा छाती काढून उभा राहिला, तर शेजारचा पाहुणा म्हणाला, “कंप्युटरनं काय बी करता येते राजा आता.” प्रणितकडे कंप्युटर नव्हताच. डोमाने सदरा वर करून दोराचे वळ दाखवले, तर लोकांनी मेकअपची तारीफ केली. बिचाऱ्याला रडूच यायचं राहिलं होतं.

पलीकडे पोरांनी खुशबूलाही तेच ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, “कंप्युटरले भेव लागते का रे? माया बापाले केवढं भेव लागलं, आयकलं ना तुमी? तरी उडला.”

ते ऐकून डोमाने डोळे पुसले आणि प्रणितला बाजूला घेतलं. ती हाक तेवढी काढून टाक, म्हणून तो कधीचा त्याच्या मागे लागला होता.

“राहू दे ते,” तो म्हणाला. “आता लावशीन तं आवाज जरा वाढव.”