श्वास धरणारे डॉक्टर

जालन्याचे खरात डॉक्टर सोनोग्राफी करताना पेशंटला "श्वास रोका" म्हणत आणि स्वतःचाही रोकत. गाल फुगवून, डोळे पडद्यावर रोवून बसत. चेहरा वांग्यासारखा झाला की नातेवाईक पेशंटला सोडून त्यांच्याकडेच काळजीने पाहू लागत. मी एकदा कारण विचारलं.

"पेशंटला कुठवर झेपतं, ते मला कसं कळंल मंग?"

भिंतीवर घड्याळ होतं. ते चालूही होतं.

दुसरी खोड म्हणजे "शेजारी कोण?" हा प्रश्न. पोटातलं दुखणं आधी शेजार नासवतं, हा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी पोटाबाहेरही लागू केला होता. कुणी शहागडला मुलगी दिल्याचं सांगितलं, की जावई काय करतो हे न विचारता, "शेजारी कोण हाय तिथं?" त्यांच्या स्वतःच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

माझा थोरला भाऊ, दादा, अंकुशनगरला साखर कारखान्यात होता. आता तो नाही. त्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊन शेजारी पू साठला, तेव्हा सर्जन सुई घालून तो काढणार होते. पू किती, एवढंच त्यांना खरातांकडून हवं होतं. त्यांचा माणूस दारात ताटकळत होता. खरात हलेनात.

"शेजारच्या रक्तवाहिन्या पाहू द्या. जल्दी न्हाई करायची."

त्यांनी पुन्हा गाल फुगवले. दादा वैतागला. "डॉक्टर, तुम्ही सोडा पहिले. न्हाईतर मला तुमचाच रिपोर्ट घेऊन जावं लागंल."

खरातांनी मशीनवर रंग चालू केला. पुवासारखा दिसणारा एक काळा गोळा लाल-निळा होऊन गरगरू लागला. तो धमनीला आलेला फुगा होता; आत रक्त फिरत होतं. सुई तिथे गेली असती तर दादा टेबलावरच संपला असता. औरंगाबादला ती धमनी बंद करून घेतली. दादाला दिवाळी मिळाली.

दिवाळीनंतर पू परत साठला. आता शेजारच्या शिरेत गुठळी झाली का, ते पाहायचं होतं. खरात सवयीने "श्वास रोका" म्हणाले. दादाने प्रयत्न केला. जमेना.

"राहू द्या, साखरवाले. तुम्ही घेत राहा. मी धरतो."

डॉक्टरने श्वास धरून पेशंटचं पोट स्थिर होत नाही, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला ठाऊक असणार. तरी त्यांनी गाल फुगवले. पडद्यावरचं चित्र हलतच राहिलं. खरात तसेच बसून होते, गाल लाल, मग जांभळे.

शेवटी दादाच हळू आवाजात म्हणाला, "सोडा आता, डॉक्टर."