सबनीसकाकांच्या गाडीचा पिकअप

सबनीसकाका गाडी अनवाणी चालवायचे आणि त्यांचे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या मांडीवर ठेवायचे. खाली ठेवले तर मॅट खराब होणार, मागे ठेवले तर सीट. माझी साडी खराब झाली तर त्यांचं काही जात नव्हतं. मी शाळेत शिकवणारी बाई. एका हातात वह्यांचा गठ्ठा, मांडीवर शेजाऱ्याचे बूट, अशा थाटात रोज सकाळी अंबरनाथहून विठ्ठलवाडीला निघायची. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

अनवाणी का, तर पायाला गाडी कळावी म्हणून. "बूट घालून ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे हातमोजे घालून वरणभात खाणं," असं ते म्हणायचे.

नव्वदनंतर परदेशी कंपन्यांच्या गाड्या आपल्याकडे दिसायला लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि त्यांनी फंडाचे पैसे घालून लाल रंगाचं स्पोर्ट्‌स मॉडेल आणलं. काकूंना स्वयंपाकघरात टाइल्स बसवून हव्या होत्या. त्या राहिल्या.

त्या गाडीच्या पिकअपवर काका कुठेही बोलायचे. सोसायटीची मीटिंग पाण्याच्या टाकीसाठी भरली होती, तिथे हा माणूस चप्पल काढून फरशीवर पाय टेकवून सगळ्यांना दाखवतोय. "अंगठा! टाच नाही, चवडा नाही, अंगठा. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. माझी जुनी गाडी कशी, तुम्ही पाय दाबा, मग ती विचार करणार, मग खोकणार, मग निघणार. ही विचारच करत नाही. तुमच्या मनात आलं की हिच्या इंजिनात आलं! पाठ सीटला चिकटते. कानांत दडे बसतात. आपण पुढे आणि पोट मागच्या नाक्यावर!"

"काका, टाकीचं बोला," सेक्रेटरी म्हणाले.

"टाकी पंचेचाळीस लिटरची," काका म्हणाले.

आता गंमत अशी, की हा पिकअप काकांनी आयुष्यात एकदाच अनुभवला होता. शोरूमच्या पोराने ट्रायल दिली तेव्हा, शेजारच्या सीटवर बसून. गाडी घरी आल्यापासून काटा कधी तिसाच्या पुढे सरकला नाही. कारण एकच. "इंजिन बसू दे!"

नवीन इंजिन सुरुवातीला जपून चालवायचं, आतले भाग एकमेकांत नीट बसू द्यायचे, हे मलाही मान्य आहे. पण कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले किलोमीटर गणपतीतच संपले. काका म्हणाले, "ते त्यांच्या रस्त्यांसाठी. आपल्याकडे डबल धरायचे." डबल दिवाळीत संपले. तेव्हा म्हणाले, "थंडीत इंजिन आखडतं." हा माणूस खोटं बोलतोय हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं.

कल्याण-बदलापूर रस्त्यावर आम्हाला सगळे मागे टाकायचे. रिक्षा, एस.टी., दूधवाल्याची मोटरसायकल. एकदा सोफासेट लादलेला टेम्पो पुढे गेला आणि सोफ्यावर बसलेल्या हमालाने आम्हाला टाटा केला. काका काच खाली करून ओरडायचे, "जा! मर जाऊन! आत घोडे बांधलेत माझ्या, सोडले तर दिसायचा नाहीस!"

"मग सोडा ना एकदाचे!" मी करवादायची.

"बसतंय अजून."

मी या गाडीत का बसायची, असं तुम्ही विचाराल. काकूंसाठी. माझ्या आजारपणात या बाईने महिनाभर मला डबा पोचवला होता. त्या म्हणाल्या, "माधवी, हे रोज सकाळी गाडी फिरवायला निघतात, ह्यांना एकटं सोडू नकोस गं. रस्त्यात भांडतात आणि बी.पी. वाढवून घेतात." त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. शाळेत रोज लेट मार्क लागत होता आणि मुख्याध्यापिका माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत बोलायच्या.

उशीर नुसत्या वेगाने होत नव्हता. काका हमरस्ता सोडून रोज उल्हासनगरच्या कॅम्प चार नावाच्या वस्तीत वळायचे. का, तर म्हणे हमरस्त्यावर खड्डे आहेत. कॅम्प चारात काय संगमरवर घातला होता? एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना फर्निचरची दुकानं, मधेच खाटेवर चादर टाकून पापड वाळत घातलेले. पापडवाली सिंधी बाई रोज ओरडायची, "साईं, इतनी बड़ी गाड़ी और चाल चींटी की? जल्दी निकलो, मेरे पापड़ पे धूल बैठती है!"

त्या गल्लीत पहिल्या मजल्यावर वर्षा राहायची. काकांची एकुलती एक मुलगी.

वर्षाला मी लहानपणापासून पाहिलेलं. कॉलेजात असताना काकांनी तिला जुन्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं, बदलापूरच्या पुढे खरवईकडच्या मोकळ्या रस्त्यावर. शेजारी बसून तिच्यावर ओरडायचे आणि घरी आल्यावर सगळ्या बिल्डिंगला सांगायचे, "माझ्यापेक्षा चांगला हात आहे पोरीचा." मग तिने फर्निचरवाल्यांच्या हरेशशी लग्न केलं. सिंधी मुलगा, सरळ, कष्टाळू. काकांनी जाहीर केलं, "या घरात तिचं नाव निघणार नाही." दोन वर्षं निघालं नाही. काकू लेकीला चोरून स्टेशनवर भेटायच्या, आणि आता तिला दिवस गेलेत हे त्यांनी नवऱ्याला न सांगता मला सांगितलं होतं.

आणि हा माणूस रोज तिच्या दारावरून जात होता. मान ताठ, नजर समोर, गॅलरीकडे चुकूनही बघणार नाही. पण माझ्या बाजूचा आरसा त्यांनी वर करून ठेवला होता. घर मागे पडलं की त्या आरशात गॅलरी दिसायची, आणि गल्ली संपेपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने चालायची. म्हणून इंजिन बसत नव्हतं! माझा संताप व्हायचा तो याचा. पोरीला बघायचंय तर जिना चढ ना बाबा! काकू तिकडे रडून रडून अर्ध्या झाल्यात, आणि तू सगळं त्या बिचाऱ्या इंजिनावर ढकलतोस?

एकदा मी म्हटलंच, "काका, वर जाऊन या. मी थांबते."

त्यांनी करकचून ब्रेक मारला. "उतर! उतर माझ्या गाडीतून!" मी दार उघडायला गेले तर म्हणाले, "इथे नको, पापड आहेत."

संक्रांतीच्या आसपासची सकाळ होती. गल्लीत शिरलो, घर मागे गेलं, आरशात गॅलरी रिकामी. काका आणखी हळू झाले. मग गाडी थांबल्यातच जमा होती. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली.

वर्षा होती. हातात दुधाच्या पिशव्या, सातवा महिना सरळ दिसत होता. ती काही रागाने बघत नव्हती. फक्त म्हणाली, "बाबा."

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे. आणि त्यांचा अंगठा टेकला.

तेव्हा मी तो पिकअप पाहिला. आवाज असा झालाच नाही, नुसता एक हुंकार, आणि गल्ली आमच्या अंगावर धावून आली. माझी पाठ सीटमध्ये रुतली, डोकं मागे आपटलं, पिशवी उडून पायाशी पडली. श्वास घेतला होता तो सोडायचं सुचेना. अंगात कापूस भरल्यासारखं हलकं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, क्षणभर मजासुद्धा वाटली. विठ्ठलवाडी डेपोपाशी त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा कुठे माझा राग मला सापडला.

"लाज नाही वाटत? पोटुशी पोर काच वाजवतेय आणि तुम्ही पळता?"

"चाक... चाक तिच्या पायावरून तर नाही ना गेलं?"

"नाही."

"धक्का?"

"गाडीचा नाही लागला. तुम्ही पळालात त्याचा लागला असेल. मनात आलं की इंजिनात येतं ना? पळायचंच मनात होतं तुमच्या!"

 काकांचा उघडा पाय थरथरत होता.

"नाही गं," ते म्हणाले. "मनात थांबायचं होतं."

 त्यांनी गाडी वळवली.

वर्षा पापडवाल्या बाईच्या खाटेवर बसून पाणी पीत होती. काका तसेच अनवाणी उतरले, मागोमाग मीही. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि त्यांना जे येतं तेच त्यांनी केलं.

"गल्लीच्या मधोमध चालतात का? दूध आणायला दुसरं कुणी नाही घरात? आणि पायात ही असली घसरणारी चप्पल?"

"तुम्हाला काय करायचंय? दोन वर्षं विचारलंत?"

"तू विचारलंस?"

"रोज दिसताय मला वरून! हॉर्न तरी मारायचात!"

सगळी गल्ली बघत होती. बाप आणि लेक एकाच पट्टीत ओरडत होते आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पापडवालीने कपाळावर हात मारला.  मग काकांनी किल्ली पुढे केली.

"आई वाट बघतेय. चल. तूच चालव, माझा पाय हलतोय."

वर्षाने दुधाच्या पिशव्या पापडवालीकडे दिल्या, सीट मागे सरकवली आणि स्टिअरिंगवर बसली. काका माझ्या जागेवर बसले. "काका, माझी शाळा!" मी ओरडले. कोणी ऐकलं नाही. गाडी हलली, आणि आतून काकांचा जुना आवाज ऐकू आला, "क्लच! क्लच हळू सोड गं!" मला तिथेच टाकून दोघं निघून गेले. इतका संताप आला होता मला, की काय सांगू.

पापडवाली सरकली आणि तिने मला खाटेवर जागा करून दिली.

"वो साईं तेरा कौन लगता है?" तिने विचारलं.

"कोई नहीं," मी म्हटलं, "पड़ोसी है," आणि मला रडू आवरेना.