चाळीस मिनिटांचं ऊन

त्या घरात रोज संध्याकाळी आधी बाळाचे लंगोट, मग नवऱ्याचे मोजे आणि शेवटी उद्याचं कार्ड अशी इस्त्री व्हायची. कपडे कडक दिसावेत म्हणून नव्हे, नुसते वाळावेत म्हणून. बंदरावरच्या टेकडीवर ढग हट्टी पाहुण्यासारखे ठाण मांडून बसले होते, त्याला एकेचाळीस दिवस झाले होते. मीठ बरणीतून चमच्याने खरवडून काढावं लागे. आरशामागे बुरशी आली होती. कपाटातली पुस्तकं फुगून एकमेकांना अशी चिकटली होती की एक ओढलं तर चार बाहेर येत.

कार्ड मात्र सरकारी होतं. नवरा वेधशाळेचा निरीक्षक. टेकडीवर त्याचं ऑफिस, त्याला लागून दोन खोल्यांचं घर आणि वर गच्ची. गच्चीतल्या खांबावर बाळाच्या डोक्याएवढा काचेचा गोळा बसवलेला. ऊन पडलं की किरण गोळ्यातून एकवटायचे आणि मागच्या खोबणीतल्या जाड कार्डावर तपकिरी रेघ जाळत जायचे. जेवढी रेघ, तेवढं ऊन. रोज सूर्यास्तानंतर जुनं कार्ड काढायचं, नवं सरकवायचं आणि नोंदवहीत मिनिटं लिहायची. गेले एकेचाळीस दिवस तो सुबक अक्षरात ‘शून्य’ लिहीत होता.

दमट हवेत कार्ड फुगायचं आणि खोबणीत जायचंच नाही. यावर बायकोने तोडगा काढला: मंद इस्त्री, पाठच्या बाजूने, दोनदा. नियमांच्या पुस्तकात असं काही नव्हतं, पण कार्ड सुळकन आत जाऊ लागलं. “तू होतीस म्हणून,” असं नवरा त्या दिवशी म्हणाला होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे एवढ्यावर तिचे चार महिने निघाले.

सोमवारी संध्याकाळी ती मंगळवारच्या कार्डाला इस्त्री करून ते सुलटं ठेवत असताना आठ महिन्यांची लेक रांगत वायरीकडे निघाली. तिने इस्त्री बाजूला टेकवली आणि झेप घेऊन लेकीला उचललं. मागे वळून बघते तो इस्त्री कडेवर कलंडलेली. ती घाईने सरळ केली, तोच नवरा दारात आला.

“झालं का? पाऊस वाढतोय.”

“घ्या, ते वरचंच.”

त्याने कार्ड शर्टाच्या आत धरलं, छत्री उघडली आणि चष्म्यावर वाफ घेऊन अंधारात चाचपत ते खोबणीत बसवलं.

मंगळवारी दुपारी दोघं बाळाला लस टोचायला खाली दवाखान्यात गेले. दुधी काचांच्या खोलीत दीड तास रांग. संध्याकाळी नवरा गच्चीवरून उतरला तो तीन-तीन पायऱ्या एकदम ओलांडत.

“अगं, ऊन पडलं होतं!”

“कधी?”

“दोन ते दोन चाळीस. आपण दवाखान्यात होतो तेव्हा. एकेचाळीस दिवस वाट पाहिली आणि आलं ते नेमकं मी नसताना.” त्याने कार्ड दिव्याखाली धरलं. बारीक तपकिरी रेघ होती खरी. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला लेकीचा पहिला दात आठवला. त्याने नोंदवहीत ‘चाळीस’ लिहिलं, मुख्य कार्यालयाला फोन केला, आणि जेवताना दोनदा आपण होऊन हसला.

बुधवारी सकाळी रेडिओवर बातमी आली. ती ऐकून सासूबाई स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

“चाळीस मिनिटं ऊन पडलं, आणि माझी रजई आत?”

“आई, आम्ही दवाखान्यात होतो. तुम्ही होतात ना घरी?”

“मी झोपले होते. म्हाताऱ्या माणसाने दुपारी झोपायचं नाही का? जाताना बाहेर टाकून जायचं होतंस.”

“पाऊस होता, आई.”

“त्यानंतर ऊन पडलं ना? मग?”

सासूबाईंची रजई दोन महिने ओलसर होती. त्यांचे गुडघेही त्याच हिशेबाने दुखत होते. त्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली आणि रजईची घडी मांडीवर घेऊन खिडकीशी बैठक मारली. आता ऊन आलंच तर त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतं.

गावातही हाच दंगा. बेकरीवाला पाव देता देता म्हणाला, “वहिनी, मी भट्टीपाशी होतो म्हणून, नाहीतर पाहिलं असतं.” गुरुवारपर्यंत तोच म्हणू लागला, “दारात आलो तर काय, डोळे दिपले. माझी सावली समोरच्या भिंतीपर्यंत.” शाळेतल्या बाईंनी तर वेळही सांगितली: दोन वाजून पाच मिनिटं, भूगोलाचा तास चालू होता. ते ऊन आपल्याला एकट्यालाच दिसलं नाही, हे कबूल करायला कोणीच तयार नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तिने इस्त्रीची घोंगडी पसरली, सोमवारनंतर पहिल्यांदाच ती बाजू वर आली आणि तिचा हात थांबला. घोंगडीवर बोटभर लांबीची तपकिरी रेघ होती. किंचित बाकदार. जणू कुठून तरी येऊन पुढे निघालेली.

ती ऑफिसात गेली. मंगळवारचं कार्ड टाचणीने फळीवर लावलेलं होतं, मानाने. दोनपासून सरळ आलेली रेघ शेवटी जराशी वर वळून कार्डाच्या कडेतून बाहेर पडत होती. बाहेर पडून ती कुठे गेली, हे आता जगात फक्त तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याने ऐकून घेतलं, “हो साहेब” तीनदा म्हटलं आणि फोन ठेवला.

“उद्या तपासणीला साहेब येतायत. किनाऱ्यावरच्या बाकी सगळ्या केंद्रांवर शून्य आहे म्हणे. त्यांना वाटतंय, मी घरी बसून आकडा ठोकला.” तो हसायला गेला, पण हसू नीट जमलं नाही. “पाच वर्षं हंगामी काढली. कायम होण्याची ऑर्डर साहेबांच्या सहीवर अडलीय. खोटी नोंद ठरली तर ऑर्डर राहिली बाजूला, ही जागाही जाईल.”

“अहो, ऐका ना...”

“घाबरू नकोस. कार्ड आहे ना आपल्याकडे. माणूस खोटं बोलेल, कार्ड नाही बोलत.”

आपल्या हातून या माणसाची नोकरी गेली, हे वाक्य ती मनात फिरवत राहिली. सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. सकाळी बाळ किरकिरत होतं, मग दूध उतू गेलं, मग सासूबाईंचा चष्मा सापडेना. तो सापडला रजईच्या घडीत. तोवर साहेबांची गाडी टेकडी चढत होती.

साहेब रेनकोटसकट आत आले. आधी गच्चीवर जाऊन गोळा पाहिला, खोबणीत बोट फिरवलं आणि तुलनेसाठी आजचं कार्ड काढून खाली आणलं. ऑफिसच्या खिडक्या कागद भिजू नयेत म्हणून पुठ्ठे लावून बंद होत्या. ट्यूबलाइटच्या उजेडात साहेबांनी मंगळवारच्या कार्डावर भिंग धरलं. टेबलापलीकडे बेकरीवाला आणि शाळेतल्या बाई साक्षीला उभ्या होत्या, कोणी बोलावलं नसताना. बाळ सासूबाईंकडे सोपवून ती दाराशी टेकली.

“हा सूर्य,” साहेब भिंगातून बघत म्हणाले, “अडीचनंतर वर चढायला लागला.”

“साहेब?” नवरा वाकला.

“दुपारी सूर्य खाली उतरतो, असं मी तरी ऐकलंय. हा तुमचा चढून कार्डाच्या बाहेर गेला. कुठे गेला?”

“मी पाहिला ना, साहेब,” बेकरीवाला म्हणाला. “वरच होता.”

“दोन वाजून पाच मिनिटांनी,” बाई म्हणाल्या.

“काडेपेटी वापरली की मेणबत्ती?” साहेबांनी शांतपणे नवऱ्याला विचारलं. “खरं सांगितलंत तर रिपोर्ट जरा सौम्य लिहीन.”

नवऱ्याचे कान लाल झाले. पाच वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे न केलेला माणूस. ती दारातून पुढे आली.

“इस्त्री,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“मी जाळलं. सोमवारी संध्याकाळी, कार्ड वाळवताना. ह्यांना माहीत नाही. मलाही काल कळलं.” ती आत जाऊन घोंगडी घेऊन आली, टेबलावर पसरली आणि साहेबांच्या हातातलं मंगळवारचं कार्ड घेऊन तिच्यावर ठेवलं. इकडेतिकडे सरकवलं. कार्डावरची रेघ जिथे संपत होती, तिथून घोंगडीवरची सुरू झाली. एक अख्खी, सुंदर, इस्त्रीच्या टोकासारखी वळलेली रेघ.

नवरा त्या रेघेकडे बघत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि तेच तिला सोसेना.

“असं कसं, वहिनी?” अखेर बेकरीवाला दुखावून म्हणाला. “आम्ही काय खोटं बोलतो? डोळे दिपले होते माझे.”

“इस्त्रीने कार्ड जळलं म्हणजे ऊन पडलं नाही, असं सिद्ध होत नाही,” बाईंनी शाळेतल्या आवाजात सांगितलं.

“थांबा,” साहेब म्हणाले. “इस्त्री आणा. मला हे होताना बघायचंय.”

इस्त्री आली. साहेबांनी आजचं कोरं कार्ड पुढे सरकवलं. बटण लावून सगळे त्या इस्त्रीभोवती शेकोटीसारखे उभे राहिले. ती तापायला पाच मिनिटं, कड टेकवायला एक, आणि रेघ खरी की खोटी यावर वाद घालायला दहा. साहेबांना पटलं, बाईंना पटेना. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, “या घरात दुसरं कोणी आहे का, शुद्धीवर असलेलं?”

“आई आहेत,” ती म्हणाली. “आई!”

उत्तर आलं ते वरून, गच्चीतून. “ओरडू नका. बाळ घाबरेल.”

सगळे जिना चढून वर गेले आणि दारातच थबकले. गच्ची पिवळीधमक झाली होती. दोरीवर रजई, रजईशेजारी सगळे लंगोट, त्याच्याही पुढे सासूबाईंचे लोकरी मोजे. समुद्राच्या बाजूला ढगांना भलंमोठं भगदाड पडलं होतं. फरशीवर बसलेलं बाळ आपल्याच सावलीला चापट्या मारत होतं. हात उचलला की सावलीही हात उचलायची, आणि बाळ अवाक होऊन पुन्हा मारायचं. रांगायला लागल्यापासून सावली नीट दिसावी असं ऊन त्याच्या वाट्याला आलंच कधी होतं?

“आई, कधीपासून आहे हे?” नवऱ्याने विचारलं.

“झाला पाव तास.”

“मग हाक नाही मारायची?”

“हाक मारत बसू की रजई टाकू?”

तो गोळ्याकडे धावला. गोळा लखलखत होता. त्यातून आलेला झगझगीत ठिपका खोबणीत नेमक्या जागी पडला होता. खोबणी रिकामी होती. तो वळला. साहेबांच्या हातात आजचं कार्ड होतं, इस्त्रीच्या ताज्या रेघेसकट.

ते बघता बघता भगदाड मिटलं. गच्ची पुन्हा राखाडी झाली. पहिला थेंब साहेबांच्या टकलावर पडला.

खाली आल्यावर नवऱ्याने लाल पेन घेतलं. मंगळवारचा चाळीस खोडला आणि लिहिलं: शून्य; कार्ड इस्त्रीने जळाले. मग आजच्या रकान्यापाशी थांबला.

“साहेब, ऊन पडलं. नोंद नाही. कारण लिहावं लागेल.”

“काय लिहिणार?”

“सूर्यास्ताआधी कार्ड काढू नये असा नियम आहे, साहेब.”

“मला माहीत आहे. मीच छापून पाठवलाय.”

तिचा जीव टांगणीला लागला. हा माणूस आता सरळ ‘साहेबांनी काढले’ असं लिहिणार, आणि घराला कुलूप लागणार. नवऱ्याने सावकाश लिहिलं: कार्ड तपासणीसाठी काढलेले होते. ते अक्षरन् अक्षर खरं होतं. कोणी काढलं ते कोणी विचारलंच, तर त्याने सांगितलं असतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. खाली सही केली. मग बॅगेतून एक लिफाफा काढला. तो इतका भिजला होता की आतला कागद त्याला चिकटून बसला होता.

“तुमची कायम करण्याची ऑर्डर. आणली होती, द्यायची की नाही ते इथे येऊन ठरवणार होतो.” त्यांनी कागद हलकेच सोडवला आणि दिव्याखाली धरला. पाणी टपटप गळत होतं. “वहिनी, इस्त्री गरम आहे ना अजून?”

“आहे.”

“मंद ठेवा. पाठच्या बाजूने. अन् सहीच्या वाटेला जाऊ नका.”

निघताना बेकरीवाल्याने आभाळाकडे बघून मान हलवली. “आजचं काहीच नाही, वहिनी. मंगळवारी याहून कडक होतं.”

संध्याकाळी बाळ कोरड्या रजईवर पालथं झोपलं होतं. सासूबाई त्याच्याशेजारी आडव्या झाल्या होत्या आणि आपल्याला झोप लागली नाहीये, असं अधूनमधून डोळे मिटूनच सांगत होत्या. ती लंगोटांच्या घड्या घालत होती. आज इस्त्रीची गरज नव्हती. नवरा दाराशी येऊन उभा राहिला. दुपारपासून तो तिच्याशी धड बोलला नव्हता.

“आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इतके खूश होतात.”

मग त्याने इस्त्री आणि उद्याचं कार्ड उचललं. “यापुढे कार्डाला इस्त्री मी करतो. तू बाळाकडे बघ.”

तो ऑफिसात गेला. बटणाचा आवाज आला. थोड्या वेळाने जळका वास आला, आणि त्यापाठोपाठ अगदी हळू आवाजात एक शिवी, जी या घरात कधी ऐकू आली नव्हती.

तिने शेवटच्या लंगोटाची घडी घातली, बाळाच्या पायाशी ठेवली आणि तिथूनच विचारलं, “किती मिनिटं पडलं?”

पलीकडे इस्त्री उभी टेकवल्याचा आवाज आला.

“वीस,” तो म्हणाला. “दुसरं कार्ड काढतो.”