होय म्हणणाऱ्यांतला एक

हेतरामकाका विधानसभा बघत नाहीत, ऐकतात. मोबाईल कानाला दाबायचा, डोळे मिटायचे आणि एक बोट वर धरायचं. ते बोट वर आहे तोवर घरात भांडं वाजता कामा नये. अधिवेशनाच्या दिवसांत काकू भाजीची टोपली घेऊन आमच्याकडे येतात. "तुह्या गॅसवर फोडणी देतो वं. त्यायची विधानसभा चालू हाये."

या वेडाची सुरुवात माझ्या हातून झाली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, हे मी कोणी न विचारता सांगते. म्हणून गावाचे सगळे अर्ज माझ्याकडे येतात. झाडतोडीचा कायदा सैल झाला तेव्हा काका आले. "पोरी, सरकारले माहिती माग. महापरसादनं होय म्हणलं का नाही म्हणलं?"

महापरसाद म्हणजे आमचे आमदार. ते याच गावचे. लहानपणी काकांनी आणि त्यांनी एकमेकांना नारळ देऊन, गावासमोर महापरसाद मानलं. आमच्या भागात अशी मैत्री जोडली की जन्मभर एकमेकांचं नाव घेत नाहीत. निवडणुकीत काका दारोदार "महापरसादले मत द्या" म्हणत फिरले. नव्या सुना विचारायच्या, हा उमेदवार कोणत्या पार्टीचा? अर्जात नाव मीच घातलं.

मुंबईहून उत्तर आलं. विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, कोणत्या सदस्याने काय मत दिले याची नोंद नाही. काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"कोणी काय म्हणलं, लिहूनच नाही ठेवत? आपल्या गावात कोणाची बकरी कोणाच्या वावरात गेली, तेही लिहून ठेवतेत."

"मोठ्यानं होय म्हणतात काका, आवाजावरून ठरतं."

"मंग आवाज आयकावं लागन."

आणि कान त्यांचा खरंच तसा आहे. सारस पक्ष्यांच्या मोजणीला वनखात्याची माणसं दुर्बीण लावतात, काका तलावाकडे पाठ करून उभे राहतात. "नर एकडाव ओरडला, मादी दोनडाव. जोडी हाये. लिहा." आजवर चुकले नाहीत. आता आमच्या तलावावर ती एकच जोडी उतरते.

मग तलावांचं विधेयक आलं. तलावाकाठची जमीन बांधकामाला देणं सोपं करणारं. आमच्या तलावाच्या काठी तर दोनदा जमिनीची मोजणी होऊन खांबही रोवले गेले होते. खरं म्हणजे हे विधेयक परत आलं होतं. पहिल्यांदा आणलं तेव्हा दुसऱ्यांचं सरकार होतं, आणि महापरसादनं त्याची प्रत सभागृहात टराटरा फाडली होती. काकांनी तेव्हा गावभर पेढे वाटले. आता सरकार महापरसादच्या पार्टीचं.

"पहिले यायनं आणलं, त्यायनं फाडलं," काका म्हणाले. "आता त्यायनं आणलं, हे फाडून राहिले. कागद तोच."

चौकात दोन्ही पार्ट्यांच्या पोरांनी त्यांना धारेवर धरलं.

"काका, आपल्याच सरकारवर काऊन कान लावून राहिले? फितले का?"

"नाही, काका आता आमचे."

"मी तलावाचा हावो बाप्पा," काका म्हणाले. सगळे हसले. तसली पार्टी नसतेच.

"तुमचा महापरसाद होयच म्हणन, पाहा."

"तो नाही म्हणायचा. पार्टी बदलते, सरकार बदलते, पण तलावात पोहाले आम्ही संगंच शिकलो."

त्या दुपारी मीही त्यांच्या छपरीत होते. आवाज मोठा करून मोबाईल आमच्या मधोमध ठेवला होता. चर्चा अशी झालीच नाही, नुसता गोंधळ. त्यातच अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होयचा एक लोंढा उठला. तो ओसरल्यावर मागून आणखी एक होय आला. उशिरा आलेला, जाडसर, एकटा. तो मीही ओळखला. लहानपणापासून प्रचाराच्या जीपवरून ऐकत आले आहे तो आवाज. नाही म्हणणारे ओरडले. होयचे बहुमत, अध्यक्ष म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला. काकूंचा चहा अजून उकळलाही नव्हता.

काकांचं बोट वरच होतं.

चौकातली पोरं दारातच उभी होती. "काका, होता का?"

"नाही ओळखला," काका म्हणाले.

"कान गेले म्हाताऱ्याचे," म्हणत पोरं निघून गेली. मी मोबाईल बंद केला.

काकूंनी चहा ठेवला. त्यावर साय धरली तरी काकांनी कप उचलला नाही.

"खोकला झाला वाटते त्याले," ते हळूच म्हणाले. "आवाज बसला होता. लहानपणापासून छाती कच्ची हाये त्याची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तलावाच्या पारीवर अडुळसा हाये. मुंबईले पोस्टानं जाते का, पोरी?"