ढोमणेकाका आणि वाकणारी गल्ली

ढोमणेकाका कुणाशीही सरळ उभं राहून बोलत नाहीत. एक हात कमरेवर, दुसरा डोक्यावरून पलीकडे आणि अख्खे काका उजवीकडे कललेले. "ऑफिसले निघून राहिला का गा?" असं विचारतात आणि माझं उत्तर येईपर्यंत डावीकडे कलतात. बघून बघून माझीच मान आखडते.

मिहानच्या कंपन्यांकडे जाणारी आमची ऑफिसची बस नागपुरात हुडकेश्वरला नेमकी त्यांच्या फाटकापाशी थांबते, त्यामुळे मी आयताच सापडतो.

"बॅग ठेव खाली. वाक! अरे समोर नाही, बाजूले! कंबर मोकळी होते, तोल पक्का होते, पाठीले आधार भेटते."

"आणि पोट?" मी आशेनं विचारलं.

"ते नाही जात बाप्पा. खोटं काहून बोलू?"

बघता बघता गल्ली वाकायला लागली. दूधवाला वाकला, शिकवणीला निघालेल्या मुली वाकल्या. काकांचा हट्ट एकच, सगळ्यांनी त्यांच्या खिडकीकडे तोंड करून वाकायचं. खिडकीच्या पडद्यामागे काकू बसलेल्या असतात. लकवा येऊन गेल्यापासून त्या खुर्चीत एका बाजूला कलतात. डॉक्टरांनी हा व्यायाम खरं तर त्यांना सांगितलाय, पण त्या करत नाहीत. "लोकं वाकडी पाहतीन मले," म्हणून अंगणात येणंही बंद. त्यांनी एकदा बाहेर येऊन बसावं, एवढ्यासाठी काकांची ही सगळी धडपड.

मे महिन्यातल्या एका सकाळी तो पडदा चक्क हलला! काकांना असा चेव आला म्हणता! कूलरमध्ये पाणी भरायची बादली त्यांनी नळाखाली काठोकाठ भरली. वजन हलकं घ्यायचं, हळू वाकायचं, झटका द्यायचा नाही, हे आम्हाला रोज बजावणारे काका बादली घेऊन झटक्यात वाकले आणि तिथंच राहिले.

"अटकली गा!"

आम्ही चौघांनी त्यांना त्याच कोनात उचलून आत नेलं. दारातून नेताना फार पंचाईत झाली. डॉक्टरांनी सक्त आराम सांगितला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी कुणी ओरडेना. खरं सांगतो, मला करमेना. शिकवणीच्या मुलीही नुसत्याच घुटमळत होत्या. एवढ्यात खिडकीचा पडदा खर्रकन सरकला.

"काहून गा, आज कोणीच वाकून नाही राहिलं?"

काकू! त्यांनी चांगला हात डोक्यावर नेला आणि दुसऱ्या बाजूला वाकल्या. जेमतेम इंचभर वाकल्या असतील, पण वाकल्या! मी बॅग फेकली आणि वाकलो. मुली वाकल्या. बस हॉर्न वाजवत होती, वाजवू दिला. आनंदानं मला ओरडावंसं वाटत होतं, आणि मी ओरडलोसुद्धा, "काका, पाहा!"

खिडकीतून डोकावलो तर काका खाटेवर आडवे, तोंड भिंतीकडे.

"उद्या माही खुर्ची अंगणात टाका हो," काकू त्यांना सांगत होत्या. "इथून मले दिसत नाही, कोण चुकून राहिलं ते."

काकांनी मान वळवली नाही. "कंबर लय दुखून राहिली गा," असं मलाच म्हणाले, आणि चादरीच्या टोकानं डोळे पुसत राहिले.